हातातला फलक

आमच्या हिमायतनगरात फेऱ्या काही कमी निघत नाहीत. पोलिओची निघते, झाडे लावण्याची निघते, मतदानाची तर निघतेच. गेल्या ऑक्टोबरात निघालेली फेरी मात्र डिस्लेक्सियाची होती. परमेश्वर मंदिराजवळ एका दुकानदाराने मला थांबवून विचारले, "सर, ही कोणती नवी साथ आली?"

साथ नव्हे, काका. काही मुलांचे डोळे चांगले असतात, कान चांगले असतात, बुद्धीही चांगली असते. पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी त्यांच्या मनात लवकर जमत नाही. वाचताना ती अडखळतात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. सारे तोंडी शिकवले तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

आता आपल्या उर्दू शाळेतल्या मुलाचा विचार करा. तो उर्दू उजवीकडून वाचतो, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. उर्दूत बे, पे, ते यांत फरक फक्त नुक्त्यांचा. जेर आणि पेश आपण सहसा लिहीत नाही, म्हणून 'इस' आणि 'उस' कागदावर सारखेच दिसतात. मराठीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' फसवतात. चांगल्या वाचणाऱ्यालाही हे शिकायला वेळ लागतो. मग ज्याची जोडीच जमत नाही, त्याचे काय होत असेल?

माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. शेतातल्या मोटारीचा आवाज ऐकून बिघाड कोठे आहे ते तो सांगतो. मी मात्र दोन वर्षे त्याला कामचोर म्हटले, वर्गासमोर उभे करून वाचायला लावले. बी.एड.च्या परीक्षेत डिस्लेक्सियावर टीप लिहून मी गुण मिळवले होते, हे येथे सांगायला लाज वाटते.

फेरीत मीच त्याच्या हातात एक फलक दिला. थोडे चालल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, यावर काय लिहिले आहे?" त्यावर लिहिले होते, 'आम्हाला वेळ द्या.'

म्हणून माझे मत असे आहे की फेरी काढावी, पण त्यात शिक्षकांनी आणि आईवडिलांनी चालावे. मुलांच्या हातात फलक देऊन त्यांना गावाला दाखवू नये. २०२४ साली दिल्लीत अशी पदयात्रा निघाली, राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट लाल दिव्यांनी उजळले. चांगलेच झाले. पण तो उजेड आमच्या वर्गापर्यंत यायचा आहे.

आमचे एक सहकारी म्हणतात, "आळशी मुलांना हा नवा बहाणा मिळेल." मी त्यांना विचारले, "तुमचा चष्मा हा बहाणा आहे काय?" ते हसले, पण पटले असे दिसले नाही. त्यांचे एक खरे आहे. कच्चे वाचणारा प्रत्येक मुलगा डिस्लेक्सियाचा नसतो. कोणाची शाळा बुडालेली असते, कोणाला खरोखरच चष्मा हवा असतो. ते तपासणीनेच ठरते. मी किंवा तुम्ही ठरवू नये.

महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही त्यांचा समावेश झाला. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी रोजंदारी बुडवून शहरात फेऱ्या घालाव्या लागतात. ही तपासणी तालुक्याला, मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हायला हवी. पुढच्या फेरीत मी हीच मागणी फलकावर लिहिणार आहे.

त्या मुलाला मी आता प्रश्न वाचून दाखवतो आणि उत्तर तोंडी घेतो. परवा भूगोलात पावसावरचा प्रश्न विचारला. तो इतके बोलला की तास संपल्याची घंटा झाली, तरी त्याचे सांगणे चालूच होते.