वाळूला मारा, चेंडूला नव्हे

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. इथे जॉब 0.02 मिलिमीटरने चुकला तरी गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं. तीच गिऱ्हाइकं, तेच शेठ आणि तेच इंजिनियर रविवारी गोल्फच्या बंकरमध्ये उतरताना मोजमाप आणि अक्कल दोन्ही गाडीत ठेवून येतात. वाळूत चेंडू दिसला की यांच्या अंगात येतं. लाकूड फोडल्यासारखा घाव घालायचा. चेंडू समोरच्या काठावर आपटून पुन्हा पायाशी. मग दुसरा घाव, मग तिसरा. शेवटी निवाडा: ‘वाळूच खराब आहे यार!’

वाळू खराब नाही. तुमची समजूत खराब आहे.

ग्रीनच्या काठच्या बंकरमधून खेळताना क्लब चेंडूला लावायचाच नसतो. चेंडूच्या साधारण 5 सेंटिमीटर मागे वाळूत शिरायचं आणि चेंडूखालचा वाळूचा थर बाहेर फेकायचा. चेंडू त्या थराबरोबर बाहेर पडतो. आमचा हौशी वीर काय करतो? चेंडू ‘उचलायला’ जातो. वजन मागच्या पायावर, मनगटं चमच्यासारखी वर. मग क्लब एकतर फार मागे रुततो, नाहीतर चेंडूच्या पोटावर बसतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात जातो. उचलायला गेलात की फसलात. वाळू कापलीत की चेंडू उठतो. लेथवर हात बसलेल्या माणसाला हे दोनदा का सांगावं लागतं?

हत्यारही तुमच्याच धंद्यातलं आहे. सँड वेजची धार वाळूत घुसते आणि तिच्यामागचा फुगीर तळ तिला फार खोल जाऊ देत नाही. त्या तळाच्या कोनाला ‘बाउन्स’ म्हणतात. जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूला ही कल्पना सुचली ती विमानाच्या शेपटीची हालचाल पाहून. त्याने क्लबच्या बुडाला शिशाचा डाख दिला, घासून घासून आकार आणला आणि 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. विमानाची शेपटी, शिसं, डाख, घासकाम! हवाई दलाच्या तळाशेजारी वर्कशॉप चालवणाऱ्या मकरपुरावाल्यांना याहून ओळखीचं काय असणार? तरी यांना टोपीचा ब्रँड पाठ असतो, आणि आपल्या वेजचा बाउन्स किती हे विचारलं की तोंडं बघत बसतात.

यात भर म्हणजे प्रत्येक मैदानावर एक स्वयंघोषित महामहोपाध्याय असतो. स्वतः चार घाव घालून कसाबसा बाहेर आलेला हा माणूस दुसऱ्याला उपदेश करतो: ‘डोकं खाली! हात ताठ! अंग सैल!’ हात ताठ आणि अंग सैल, एकाच वेळी? पुतळ्याला कधी सैल होता येतं का? डोकं शेवटपर्यंत दाबून धरलं की छाती फिरत नाही, छाती अडली की हात वाळूतच थांबतात, आणि थांबलेल्या हातांनी आजवर कुणाचा चेंडू बाहेर काढलेला नाही.

खरं तर स्विंग शिकायला या शहराने परक्याच्या तोंडाकडे बघायचं कारण नाही. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलंच. आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे 10 खंड काढले ते याच बडोद्यातून, मराठीत. मुद्गल फिरवणारा कुणी नीट पाहा. तो मनगटाने ओढत नाही. कंबर आणि खांदे वजनाला वाट देतात, आणि वजन आपली फेरी पूर्ण करतं. स्विंग म्हणजे हेच. प्रतापसिंहराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान केलं ते युरोपीय पाहुण्यांसाठी. पाहुणे केव्हाच गेले. आम्ही त्यांचा पोशाख उचलला आणि आखाड्यातली शिस्त विसरलो.

आता कृती ऐका, उजव्या हाताच्या खेळाडूची. आधी क्लबचं तोंड उघडा आणि मग मूठ धरा. उलट केलंत तर मारताना तोंड पुन्हा मिटतं. पाय वाळूत थोडे रुतवा. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत. निम्म्याहून जास्त वजन डाव्या पायावर, आणि ते शेवटपर्यंत तिथेच. वाळू बरीच ताकद खाते, म्हणून गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी घ्याल त्याच्या दुपटीहून मोठा स्विंग घ्या आणि तो पूर्ण करा. पावसाने वाळू घट्ट झाली असेल तर तोंड कमी उघडा, नाहीतर तळ आपटून उसळेल. चेंडू वाळूत पुरला असेल तर तोंड सरळ ठेवून धारेला घुसू द्या. आणि मारण्याआधी वाळूला क्लब टेकवून चाचपू नका. त्याला 2 फटक्यांचा दंड आहे. नियम पाठ नसलेले लोकच नियमांवर सर्वांत मोठ्याने वाद घालतात.

‘मोठमोठे खेळाडूही फसतात’ ही यांची शेवटची ढाल. हो, फसतात. 1978 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर जपानच्या नाकाजिमाला बंकरमधून निघायला 4 फटके लागले आणि त्या होलवर त्याचे 9 झाले. पण नाकाजिमाला त्या खोल खड्ड्याच्या उभ्या भिंतीने अडवलं. तुम्हाला अडवतं ते तुमचंच मनगट.

म्हणून एक कळकळीची विनंती. या वर्षी नवा ड्रायव्हर घेऊ नका. सरावाच्या बंकरमध्ये जा, बोटाने वाळूत एक लांब रेघ ओढा आणि चेंडू न ठेवता ती रेघ पुसत पुढे सरका. 50 वेळा. क्लब दर वेळी रेघेवरच उतरू लागला की मग चेंडू ठेवा. वर्कशॉपमध्ये नव्या पोराला आपण आधी फाईल मारायला शिकवतो, मशीन नंतर देतो. स्वतःलाही तोच न्याय लावा.