वांगणीच्या हाताला कोणते शिक्षण?



वावर-वांगणी हे नाव साऱ्या महाराष्ट्राने 1992-93 साली ऐकले. जव्हार तालुक्यातल्या या डोंगरी गावांत कुपोषणाने लेकरे एकामागून एक दगावली. गाड्यांचे ताफे गेले, पाहण्या झाल्या, योजना आल्या. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला, पण दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरायची, हे काही सुटले नाही.

कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या आपल्याला जव्हार-मोखाड्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. तिथे नागली-वरई, इथे कापूस-ज्वारी. तिथे पाऊस धो धो, इथे बेभरवशाचा. पण उतारावरून पाणी वाहून गेले की तिथेही उरते ती एका पिकाची कोरडवाहू शेतीच. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाया हंडाभर पाण्यासाठी वणवण करतात. वीटभट्टीची उचल आणि ऊसतोडीची उचल या सख्ख्या बहिणी आहेत. वांगणीचे दुखणे आपल्याच घरचे आहे.

या दुखण्यावर सरकारला आता एक नवे औषध सापडले आहे, त्याचे नाव कौशल्य. 2015 साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना निघाली. 2024 साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तिच्यात बारावी पास मुलाला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार रुपये विद्यावेतन ठरले. आता सांगा, आईबापांबरोबर भट्टीवर गेल्यामुळे ज्याची शाळा सातवीतच सुटली, त्याने कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे? आयटीआयचे दार आठवी-दहावीला उघडते, या योजनेचे बारावीला. ज्याला गरज सर्वांत जास्त, तोच उंबऱ्याबाहेर.

आमचे पहिले म्हणणे स्पष्ट आहे. शिक्षणाला विरोध नाही, पण भावाच्या बदली शिक्षण नको. शेतमालाचा भाव पाडायचा, शेती तोट्यात ठेवायची आणि मग शेतकऱ्याच्या पोराला सांगायचे की तुझ्या हातात कसब नाही म्हणून तू गरीब आहेस, हा कांगावा झाला. बोंड हाती घेऊन धाग्याची लांबी सांगणारी आपली माणसे, ढगाकडे पाहून तिफण जुंपणारी आपली माणसे. त्यांना कसब नाही असे कोण म्हणेल? कसब आहे, त्याला दाम नाही.

पण भाव मिळाला की सारे आपोआप होईल, असे मानून आपणही हाताच्या शिक्षणाकडे पाठ फिरवली, हे कबूल करू. पोराला बी.ए. करायचे आणि नोकरीची वाट पाहत पारावर बसवायचे, ही आपलीही चूक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला फडके का बांधले नाही, असे मेलेल्यांनाच विचारले गेले. कोणते औषध कशात मिसळू नये, वारा कुठून असावा, हे गावात येऊन कोणी शिकवले होते? तेही व्यवसायशिक्षणच होते. ते मिळाले नाही, त्याची किंमत जिवाने मोजली.

ही मागणी नवी नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सांगितले होते की प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान शिकवा. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम उभा केला. तिथे शाळा सुटलेली पोरेही जोडकाम, वीज, बांधकाम, शेती आणि जनावरांची निगा करता करता शिकली. शिकण्यासाठी केलेले काम गावाच्या उपयोगी पडले. जव्हारकडेही बायफच्या वाडी कार्यक्रमात आदिवासी शेतकऱ्यांनी आंबा-काजूच्या बागा लावल्या, कलमे बांधायला शिकले. कोणी मोगरा लावला, तो दादरच्या फुलबाजारात जातो. शिकलेल्या हुन्नराला बाजार मिळाला की माणूस गावात टिकतो. बाजाराविना दिलेले शिवणयंत्र कोपऱ्यात गंजते.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्या आहेत. शिक्षण तालुक्याच्या गावी नको, गटागटात, पाड्यापर्यंत हवे. ते सुगी संपल्यावर, उचल घेण्याआधी हवे, कारण एकदा उचल घेतली की माणूस बांधला जातो. शिकण्याच्या दिवसांची रोजी मिळाली पाहिजे, उपाशीपोटी कोणी शिकत नाही. गवंड्याच्या हाताखाली दहा वर्षे काढलेल्याची कामावरच परीक्षा घ्या आणि दाखला द्या, मग मजुरी ठरवताना तो ताठ मानेने बोलेल. आणि योजनेचा हिशेब वाटलेल्या प्रमाणपत्रांवर नको, वर्षभराने किती घरांची कमाई वाढली यावर मांडा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावची एक यादी आणावी. मोटार बांधणारा किती लांबून येतो, ट्रॅक्टर कुठे दुरुस्त होतो, जनावराला सुई टोचायला कोण येते, गावाचा किती पैसा या कामांपायी बाहेर जातो. त्या यादीतच आपल्या पोरांचे रोजगार दडलेले आहेत.

वांगणीच्या लेकरांना भाताची पेज द्यायला सरकार धावले, ते बरेच झाले. पण पेज एका दिवसाची. त्यांच्या आईबापांच्या मालाला भाव आणि हाताला हुन्नर मिळाला असता, तर पेज वाटण्याची वेळच आली नसती. आम्हाला दोन्ही हवे आहे, आणि एकाच्या नावाखाली दुसरे बुडवू देणार नाही.