कोरियन चिकन, हलाल आणि आपला आळस

‘कोरियन’ हा शब्द उच्चारला की आपल्या मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसं उभी राहतात. एक म्हणतात, हराम. दुसरी म्हणतात, हलाल, बाहेर बोर्ड लावलाय ना. दोघांनीही सॉसच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलेलं नसतं. माझं भांडण या दोघांशी आहे, आणि ते मी कढईपाशी उभी राहून करणार आहे. सवयीची जागा आहे, आणि हातात झारा असला की माणसं जरा ऐकतात.

उर्दू शाळेत शिकवते, म्हणजे कोरियाची बातमी मला वर्तमानपत्राच्या आधी कळते. आठवी-नववीच्या मुली वहीच्या शेवटच्या पानावर हंगुल लिपीत आपापलं नाव लिहितात. उजवीकडून डावीकडे उर्दू, डावीकडून उजवीकडे मराठी आणि वर ही तिसरी लिपी. भाषेची शिक्षिका म्हणून मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्या आया मात्र पालकसभेत हळूच बाजूला घेतात. “टीचर, ये कोरिया का भूत उतारो बच्ची के सर से.” मग कळतं की मुलीने कुराण बंद केलेलं नाही, नमाज सोडलेली नाही. तिने कोरियन फ्राइड चिकन मागितलंय. घरात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ऑडिओ ऐकवला होता: कोरियन म्हणजे डुक्कर, दारू आणि कुत्रा, या नावाचं काही खाणंही गुनाह. विषय संपला. आणि मग ती पोरगी मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये जाऊन तेच खाऊन आली. तिथे कोंबडी कुणी कापली, सॉसमध्ये काय आहे, याची चौकशी शून्य.

हा आपला दीनदारपणा. घरात बंदी, बाहेर डोळेझाक.

आता ऑडिओवाल्या भाईसाहेबांकडे वळू. कोरियात डुकराचं मांस भरपूर खातात, हे खरं. तिथल्या साध्या दुकानातलं चिकन जबिहाचं नसतं, हेही खरं. सोलमध्ये गेलेला मुसलमान म्हणूनच इतवॉनच्या मशिदीभोवतीची हॉटेलं शोधतो. ही मशीद १९७६पासून उभी आहे. कुत्र्याचं म्हणाल तर दक्षिण कोरियाच्या संसदेने जानेवारी २०२४मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या धंद्यावर बंदी घालणारा कायदा केला, २०२७पासून तो पूर्ण लागू व्हायचा आहे. ऑडिओ त्याआधीचा असावा. पण यातली कुठली गोष्ट तुमच्या-माझ्या कढईत येते? कोंबडी नाक्यावरच्या आपल्याच माणसाने बिस्मिल्ला म्हणून कापलेली. तेल आपलं. पीठ आपलं. उरतो सॉस. त्याच्याकडे येतेच.

हराम ठरवणाऱ्यांचा दुसरा मुद्दा असा की हे चिकन बिअरबरोबर खायचं असतं, त्याची पैदाईशच दारूच्या टेबलावरची आहे. ‘चिमॅक’ हा शब्द आता त्यांनाही माहीत झालाय, म्हणजे चिकन आणि मॅकजू, मॅकजू म्हणजे बिअर. २०२१मध्ये तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही गेला. पण शब्द जेवढा गाजला तेवढा तो जुना नाही. ही जोडी खरी बोकाळली २००२च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी, लोक रस्त्यावर मोठ्या पडद्यापुढे बसून मॅच बघायचे तेव्हा. त्याच्या आधीची गोष्ट वेगळी आहे. कोरियात आधी अख्खी कोंबडी तळायचे, त्याला टोंगडाक म्हणतात. पगाराच्या दिवशी बाप ती कागदी पिशवीत घालून घरी आणायचा आणि पोरं पिशवीवर तेलाचा डाग दिसला की उड्या मारायची. त्या पिढीचे कोरियन लोक ही आठवण आजही सांगतात. १९७७मध्ये सोलच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये तुकडे करून तळलेल्या चिकनचं पहिलं दुकान निघालं. तिखट-गोड लाल सॉस चोपडलेलं यांग्न्यम चिकन त्याच्या नंतरचं, ऐंशीच्या दशकात पसरलेलं. मग १९९७चं आर्थिक संकट आलं, कंपन्यांनी हजारो माणसं घरी बसवली. त्यातल्या कितीतरी मधल्या वयाच्या माणसांनी मिळालेल्या पैशात चिकनचं छोटं दुकान टाकलं. कोरियात गल्लोगल्ली चिकनची दुकानं दिसतात त्यामागे ही बेकारी आहे. पगाराचा दिवस आणि नोकरी गेल्याचा दिवस, हा या पदार्थाचा इतिहास. आपल्या मोहल्ल्यात गिरणी बंद पडल्यावर किंवा आखातातून परत आल्यावर किती जणांनी कबाबची गाडी लावली, मोजा जरा. मग हे चिकन किती परकं ते सांगा.

आणि मिरची? ती आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, आणि कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली. दोन्हीकडे पाहुणी, दोन्हीकडे घरची मालकीण होऊन बसलेली. सोया सॉस आणि व्हिनेगर वलीम्याच्या चिकन लॉलीपॉपमधून कधीच आपल्या पोटात गेलंय. त्या वेळी चिनी माणसाचा मजहब विचारायला कुणी उठलं नव्हतं. लॉलीपॉप पुरुषांना आवडतं आणि कोरियन पोरींना आवडतं, फरक एवढाच असावा अशी मला दाट शंका आहे.

आता दुसरी बाजू. ‘हंड्रेड पर्सेंट हलाल’ असा हिरवा बोर्ड लावून कोरियन विकणारे. मी अशा एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, गोचुजांगचा डबा दाखव. त्याला वाटलं मी सरकारी खात्यातून आलेय. मालक म्हणाला, “आपा, चिकन हलाल है.” चिकनबद्दल मी विचारलंच नव्हतं.

गोचुजांग म्हणजे तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ यांची मुरवलेली लाल पेस्ट. हिच्याशिवाय यांग्न्यम होत नाही. पण कारखान्यातल्या गोचुजांगमध्ये आंबणं थांबावं आणि माल टिकावा म्हणून बऱ्याचदा वरून अल्कोहोल घालतात. घटकांच्या यादीत ते छापलेलं असतं: अल्कोहोल, इथेनॉल, स्पिरिट, कधी कुकिंग वाइन. मिरिन लिहिलं असेल तर ती तांदळाची गोड दारूच. ‘शिजवल्यावर उडून जातं’ हे जे उत्तर मिळतं, ते चुकीचं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, आणि हा सॉस तर चार-पाच मिनिटंच उकळतो. फतवा मी देत नाही, मुफ्ती नाही. कोकणातले आपले लोक शाफई, देशावर आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी, आणि द्राक्ष-खजुराखेरीज इतर अल्कोहोलबद्दल उलेमांमध्ये बारकावे आहेत. ते आपापल्या आलिमांना विचारा. पण विचारायच्या आधी वाचा तरी. हलाल प्रमाणपत्र असलेली गोचुजांगही निघते आणि ऑनलाइन मिळते. दोन मिनिटांचं काम आहे. आपण ते बोर्डावर सोपवून मोकळे झालोत.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे या पाककृतीत दारू लागतच नाही. ती दोन ठिकाणी शिरते. एक, कोंबडीचा वास जावा म्हणून तांदळाची दारू चोळतात. आलं, कांद्याचा रस आणि अर्धा तास दूध यांनी तोच वास जातो, कोरियातल्या बायकाही दुधात भिजवतात. दोन, काही नावाजलेले पाश्चात्त्य आचारी पिठात व्होडका घालायला सांगतात. का? तर मैद्यात पाणी पडलं की ग्लूटेन तयार होतं, आवरण चिवट होतं, अल्कोहोल त्याला आवर घालतं आणि लवकर उडून जातं. बरं. मग मैदाच घालू नका ना! बटाट्याच्या स्टार्चमध्ये किंवा आपल्या कॉर्नफ्लोरमध्ये ग्लूटेन नसतंच. रोग नसताना औषध कशाला? सिरक्याला मात्र घाबरू नका. सहीह मुस्लिममध्ये त्याची तारीफ आलेली आहे.

मग मैदा-अंडं-ब्रेडक्रम्समध्ये बुडवून ‘कोरियन’ म्हणून दाखवणाऱ्या व्हिडिओंचं काय? ते पकोडे आहेत. चांगले लागत असतील. सॉस पडला की तीन मिनिटांत ओलं फडकं होतं, आणि मग मुली म्हणतात घरचं बाहेरच्यासारखं होत नाही. आणि पाय परत मॉलकडे.

तर ऐका. कोंबडी लहान घ्या, एक किलोच्या आसपासची. कोरियातही साधारण एवढीच वापरतात. कातडीसकट घ्या. आपल्याकडे चिकनवाला न विचारता कातडी ओढून काढतो, त्याला आधीच सांगावं लागतं, आणि तो दोनदा तुमच्याकडे बघतो. कातडीखालची चरबी वितळून आवरणाला आतून तळते, हे त्याला समजावत बसू नका. डोळ्यांदेखत कापलेली ताजी कोंबडी लगेच तळली तर रबर होते, म्हणून चार-पाच तास तरी फ्रीजमध्ये उघडीच ठेवा. वरून कोरडी पडते, ते हवंच असतं. दूध वापरलंत तर ते आधी, नंतर नीट पुसून. मग दीड चमचा मीठ, मिरपूड, आल्याचा रस. आलं-लसणाची आपली घट्ट गोळी नको, ती तेलात जळून काळी होते.

एक वाटी कॉर्नफ्लोर किंवा बटाट्याचा स्टार्च, अर्धा चमचा बेकिंग पावडर. तुकडे त्यात दाबून घोळवा आणि १५ मिनिटं तसेच ठेवा, पीठ ओलसर होऊन चिकटेल. कढईत तेल मध्यम तापवा, १६० ते १६५ अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो आधी बुडून सावकाश वर आला पाहिजे. तीन घाण्यांत ८-९ मिनिटं तळा. रंग फिकाच राहील. राहू दे. सगळा माल चाळणीवर काढून दहा मिनिटं ठेवा, पेपरवर नको, खालून वाफ धरते.

खरं काम या दहा मिनिटांत होतं. मांसातलं पाणी बाहेर सरकून आवरणात येतं, हाताला मऊ लागतं, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “नरम पडलं.” पडू द्या. मग तेल मोठ्या आचेवर १८५पर्यंत न्या, थेंब टाकताच वर तरंगेल असं. त्यात २-३ मिनिटं. आवरणात आलेलं पाणी आता उडून जातं आणि ते काचेसारखं तडकतं. दोनदा तळण्याचं कारण हे आहे. एकदाच बराच वेळ तळून हा कुरकुरीतपणा येत नाही, फक्त मांस सुकतं. आणि तेल उरलं तर गाळून एकदा फोडणीला, पुन्हा तळणाला नको. परत-परत वापरलेल्या तेलातल्या पोलर घटकांवर अन्नसुरक्षा खात्याने २५ टक्क्यांची मर्यादा घातलीय, ती रमजानच्या बाजारातल्या काळ्या कढयांना कुणी दाखवली तर बरं.

सॉसला दोन चमचे गोचुजांग, दोन चमचे केचप, दोन चमचे मध, एक चमचा सोया सॉस, एक चमचा सिरका, सहा पाकळ्या लसूण बारीक चिरून. बुडबुडे येऊन चमच्याला चिकटेपर्यंत उकळा. तुकडे त्यात बुडवायचे नाहीत, ब्रशने किंवा चमच्याने पातळ थर द्यायचा. भरोशाची गोचुजांग मिळत नसेल तर ती सोडाच. सोया, लसूण, मध आणि थोडा सिरका यांचा सॉस करा, सोया सॉसची यादीही वाचून घ्या. तोही अस्सल कोरियन प्रकार आहे, तिथल्या मोठ्या साखळ्या त्यावर चालतात. ब्याडगी भिजवून वाटली आणि गूळ घातला तरी चटकदार लागतं, फक्त त्याला गोचुजांग म्हणू नका.

आणि हे सगळं कोण करणार? पोरींनी हौस केली म्हणून त्यांच्याच गळ्यात किचन, असं होणार असेल तर मी लिहिलेलं सगळं फाडून टाका. दुसऱ्या घाण्याला दहावीतल्या भावाला उभा करा. वेळ मोजायचा, तेल बघायचं, नंतर कढई घासायची. घरकामाला हात लावणं नबींच्या सुन्नतीत आहे, हे जुम्याच्या बयानात ऐकून मान डोलावणाऱ्या अब्बांनीही मुळा चिरला तर चालेल. कोरियात या चिकनबरोबर सोबतीला पांढऱ्या मुळ्याचे गोड-आंबट चौकोनी तुकडे देतात, तेलकटपणा कापायला. एक वाटी पाणी, अर्धी वाटी सिरका, अर्धी वाटी साखर, चमचाभर मीठ. हे आदल्या रात्रीच घालून ठेवा. सकाळी घातलं तर संध्याकाळपर्यंत मुळा वरूनच आंबट होतो, आत कच्चा राहतो.