सर्जरी सोडून प्रयोगशाळेत गेलेला डॉक्टर

यकृत पार निकामी झालं की आजही ते दुसऱ्या माणसाकडूनच मिळावं लागतं. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, नाहीतर कुठल्यातरी कुटुंबाने ऐन दुःखात अवयवदानाला होकार द्यायचा. प्रतीक्षायादीतल्या कितीतरी जणांचा नंबर लागायच्या आत वेळ संपते.

जपानच्या ताकानोरी ताकेबे यांनी हे विद्यार्थिदशेतच पाहिलं. योकोहामात वैद्यकीचं शिक्षण घेताना त्यांना प्रत्यारोपण सर्जन व्हायचं होतं. त्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही ते जाऊन आले. पण सर्जनचा हात कितीही सफाईदार असला, तरी अवयवच आला नाही तर तो काय करणार? 2011 मध्ये पदवी मिळाल्यावर ते ऑपरेशन थिएटरऐवजी संशोधक हिदेकी तानिगुची यांच्या प्रयोगशाळेत गेले.

शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी मूळपेशींसारख्या करून दाखवल्या होत्या. त्यांपासून यकृताच्या पेशी बनवायचे प्रयत्न अनेक ठिकाणी चालले होते. ताकेबे यांनी गर्भात यकृत कसं घडतं, याकडे लक्ष दिलं. तिथे यकृताच्या पेशी एकट्या वाढत नाहीत; रक्तवाहिन्यांच्या आणि आधार देणाऱ्या पेशी सोबत असतात, एकमेकींना संदेश देत असतात. म्हणून त्यांनी या तिन्ही प्रकारच्या पेशी एकत्र केल्या आणि मऊ जेलवर ठेवल्या. दोनेक दिवसांत त्या आपणहून गोळा झाल्या आणि नुसत्या डोळ्यांना दिसेल असा काही मिलिमीटरचा अंकुर तयार झाला. उंदराच्या शरीरात बसवल्यावर साधारण तेवढ्याच वेळात त्याच्या रक्तवाहिन्या उंदराच्या रक्तवाहिन्यांशी जोडल्या गेल्या. पुढे त्यातून मानवी यकृतातली प्रथिनं रक्तात येऊ लागली. 2013 मध्ये 'नेचर'मध्ये हा शोधनिबंध आला तेव्हा ताकेबे 26 वर्षांचे होते.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं धोरण. पूर्ण अवयव बाहेर घडवायचा अट्टहास त्यांनी धरला नाही. सुरुवात नीट करून द्यायची, बाकीचं शरीर करतं, हा विश्वास त्यामागे आहे. अर्थात उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि अंकुर म्हणजे यकृत नव्हे.

31व्या वर्षी प्राध्यापक झाल्यावरही ते एका अवयवावर थांबले नाहीत. चिखलात राहणारा लोच हा मासा गरज पडल्यास आतड्यातूनही प्राणवायू घेतो. फुप्फुसं थकलेल्या रुग्णाला असा आधार देता येईल का, हे त्यांनी उंदीर आणि डुकरांवर तपासलं. 2024 मध्ये या कामाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं, तेव्हा लोक हसले. 2025 मध्ये 27 निरोगी पुरुषांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ती फक्त सुरक्षितता तपासण्यापुरती होती, तरी प्रश्न प्राण्यांकडून माणसापर्यंत पोहोचला.

आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या मुलांना पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पीजी कशात, आणि मग हॉस्पिटल कुठे टाकणार? संशोधनाचं नाव काढलं की घरात चिंता सुरू होते. ती मी समजू शकते. कर्ज, वय, लग्न हे सगळं खरं असतं. शिष्यवृत्ती तुटपुंजी, तीही महिनोन् महिने रखडते. पण रुग्णालयात जे जमत नाही त्याचं उत्तर कुणीतरी प्रयोगशाळेतच शोधायला हवं, आणि ते तरुणपणीच सुरू करावं लागतं, कारण या कामाला दशकं लागतात. असं मूल आपल्या घरात असेल, तर त्याला निदान सुरुवातीची काही वर्षं निश्चिंतपणे मिळावीत, इतकं आपण करावं. आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, म्हणून सरकारच्या मागे लागावं.