लॉगची साफसफाई आणि पाठचिकित्सा

ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत वाचक काय शोधतो याची नोंद यंत्र आपणहून ठेवीत असते. या नोंदींच्या फायलीस 'लॉग' म्हणतात. वाचकाला काय हवे होते व त्याने ते कसे लिहिले, याचा इतका निखळ पुरावा भाषाभ्यासकाला अन्यत्र क्वचितच मिळेल. परंतु दिनांक, पत्ते व संकेतांक यांच्या गर्दीत तो शब्द हरवलेला असतो. पुष्कळदा तर टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेल्या संकेतलेखनात, म्हणजे एका 'म'साठी नऊ चिन्हे! तेव्हा साफसफाई आलीच. तिच्यासाठी पर्ल ही संगणकभाषा आजही सोयीची आहे. १९८७ साली ती प्रसिद्ध करणारे लॅरी वॉल भाषाविज्ञान शिकलेले होते, हा निव्वळ योगायोग मानावयास मी तयार नाही.

माझा आक्षेप पर्लवर नाही. तिच्यात लिहिल्या जाणाऱ्या निष्काळजी सूत्रांवर आहे. 'फक्त अक्षरे ठेवा, बाकी गाळा' ही आज्ञा इंग्रजी मजकुरापुरती निरुपद्रवी ठरते. युनिकोड मात्र काना, वेलांटी व हलन्त यांना अक्षरांच्या वर्गात धरीत नाही. त्यामुळे 'मराठी'चे 'मरठ' होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी अधिक घातक. मराठीतला अर्धा 'ऱ' दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र वर्ण घेऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. अदृश्य ते निरर्थक, अशा समजुतीने ते जोडचिन्ह गाळले की 'आचाऱ्यास'चे 'आचार्यास' होते, आणि स्वयंपाकी गुरुपदी बसतो.

त्याहून गंभीर प्रश्न शुद्धलेखनाचा आहे. कोणी 'भक्ति' असे ऱ्हस्व लिहिले, तर तो १९६२च्या नियमांपूर्वीच्या वळणाचा वाचक असेल, संस्कृतज्ञ असेल किंवा हिंदीभाषक असेल. सूत्राने सरसकट 'भक्ती' केले की हा सारा पुरावा नाहीसा होतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा नाकारलेले पाठही तळटीपांत जपले. आपण मात्र मूळ फाईल पुसून 'स्वच्छ' प्रत पुढे करतो.

प्रत्येक शुद्ध ओळीशेजारी मूळ ओळ राहावी आणि कोणत्या सूत्राने काय बदलले याची यादी फायलीसोबत जावी, एवढीच मागणी आहे. अपवाद एकच: वाचकाचा संगणकीय पत्ता. तो मात्र कायमचा पुसलाच पाहिजे. कोण काय वाचू पाहतो, हे जाणण्याचा अधिकार संशोधकालाही नाही.