गैरहजर मालक, हजर कारभारी

अठराव्या शतकातील इंग्रज जमीनदारांविषयी आपल्याकडे लिहिताना एक वाक्य हटकून येते : मालक लंडनात चैन करीत बसला आणि गावाकडील इस्टेटीकडे त्याचे दुर्लक्ष झाले. हे वाक्य आम्हांस मुळीच मान्य नाही. त्यात मालकावर टीका आहे असे वाटते खरे, परंतु वस्तुतः ते त्याची सुटका करते. ज्याला काही ठाऊकच नव्हते, त्याला जाब कसला विचारणार?

कंबरलंडमधील व्हाइटहेवनचे उदाहरण घ्यावे. तेथील जमीनजुमला आणि कोळशाच्या खाणी लौदर घराण्याच्या. कोळसा मुख्यतः जहाजांनी डब्लिनला जाई. सर जेम्स लौदर (१६७३–१७५५) यांचा बहुतेक काळ लंडनात जाई. इस्टेटीचा कारभार जॉन स्पेडिंगकडे, तर खाणींचा त्याचा धाकटा भाऊ कार्लाइल याच्याकडे होता. मालक आणि कारभारी यांच्यात टपाल अखंड चाले. कोळशाचा भाव, जहाजांची ये-जा, कुळांची बाकी, शेजारची कोणती जमीन विकत घ्यावी, सारे कागदावर येई आणि त्यावर मालकाचा हुकूम परत जाई. याला दुर्लक्ष म्हणावयाचे काय?

आम्ही सारी नोकरी सरकारी कचेरीत काढली. जागेवर पाऊल न ठेवता जिल्हा कसा चालवितात, हे आम्ही पाहिले आहे. शेरा मारणारा कोरडा राहतो. पंचनामा करणारा भिजतो.

व्हाइटहेवनला प्रश्न भिजण्याचा नव्हता, जळण्याचा होता. १७२९ मध्ये समुद्रकाठी सॉल्टमची विहीर खोदण्यास आरंभ झाला. ती साडेचारशे फुटांच्या आसपास खोल गेली आणि तेथून समुद्रतळाखालील कोळसा काढू लागले. खोदताना ज्वालाग्राही वायू लागला. कार्लाइलने तो नळीने वर आणला. हा वायू पिशव्यांत भरून लंडनला गेला आणि रॉयल सोसायटीसमोर पेटवून दाखविण्यात आला. १७३३ मध्ये त्याचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात आला. नाव अर्थातच सर जेम्स यांचे. तेव्हा खाणीत काय भरले आहे हे मालकास ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये. लंडनातील विद्वानांना ते त्यांनीच दाखविले होते.

मेणबत्तीने स्फोट होतो म्हणून कार्लाइलने पोलादी चाक गारगोटीवर फिरवून ठिणग्यांचा उजेड पाडणारे यंत्र काढले. ते फिरवावयास बहुधा एखादे पोर असे. त्या ठिणग्यांनी वायू पेटत नाही अशी समजूत होती. पुढे ती खोटी ठरली. (तरुणपणी न्यूकॅसलच्या खाणींतील विद्या शिकण्यासाठी त्याला नाव बदलून मजूर म्हणून धाडले होते, आणि तेथे तो भाजल्यावर त्याचे बिंग फुटले, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, या माणसाला ती शोभते.)

कोणी म्हणेल, भांडवल मालकाचे होते, त्याच्या धाडसाविना विहीरच झाली नसती. कबूल. पैशाचे धाडस त्यांचे होते. परंतु पैशाचे धाडस आणि जिवाचे धाडस एकाच नावावर जमा करण्याची जी रीत इतिहासकारांत पडली आहे, तिलाच आमची हरकत आहे.

१७५५ च्या जानेवारीत सर जेम्स लंडनात वारले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते आणि इंग्लंडातील अत्यंत धनाढ्य पुरुषांत त्यांची गणना होई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्लाइल स्पेडिंग व्हाइटहेवनच्या खाणीत वायूच्या स्फोटाने मेला.