दोन वर्षं वाया नाहीत

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात चित्रकला शिकणं म्हणजे ‘दोन वर्षं वाया’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचं मत मला मुळीच पटलं नाही. माझी मुलगी कॅलिफोर्नियात अशाच कॉलेजात शिकते. फिगर ड्रॉइंगच्या वर्गात तिच्या शेजारच्या ईझलवर एक निवृत्त नर्स असतात. कोळशाची चुकलेली रेघ शिक्षक पुसू देत नाहीत. तिच्या शेजारीच बरोबर रेघ ओढायला लावतात. फी खासगी कलाशाळेच्या मानाने किरकोळ. घराजवळ राहून पहिली दोन वर्षं शिकावं आणि मग विद्यापीठात जावं, यासाठीच तर १९०१ साली इलिनॉयमधलं जोलिएट हे कम्युनिटी कॉलेज निघालं! मात्र पुढे विद्यापीठात इथले कुठले विषय धरले जातात, हे पहिल्याच सत्रात समुपदेशकांना विचारून घ्यावं. मुलं अडकतात ती तिथे.

– एक पालक, कॅलिफोर्निया